दुखणार आहे

विळ्यानं तळहात कापलेल्या पोरीला घेऊन तिचा बाप आणि आजोबा लोह्यातल्या माझ्या दवाखान्यात आले. बाप तिला टेबलावर दाबून धरत म्हणत होता, "सुई न्हाईच, नुसतं औषध लावतेत." माझ्या हातातली सुई दिसताच ती मला कडकडून चावली. बापानं तिच्या थोबाडीत ठेवून दिली. दुसरी मारायला हात उचलला, तेव्हा मी त्याचं मनगट पिरगाळलं. "खोटं तू बोललास, मार तिला का?"

मग पोरीला म्हणालो, "ही भुलीची सुई लई दुखणार आहे. ओरड, शिव्या दे, पण हात हलवू नको."

सुई मांसात शिरली. पोरीनं माझ्या आईपासून सगळं खानदान उद्धरलं. रक्त कोपरापर्यंत ओघळलं, पण हात हलला नाही.

आजोबा कोपऱ्यातून बघत होता. त्याच्या पोटात कॅन्सर असल्याचा रिपोर्ट नांदेडहून आला होता. "म्हाताऱ्याला साधी गाठ हाय म्हणून सांगा," असं बापानं मला दारातच बजावलं होतं.

पट्टी झाल्यावर म्हाताऱ्यानं लेकाला आणि नातीला बाहेर पाठवलं, दार लावलं.

"डॉक्टर, आता माझं सांगा. म्या बी हात हलवणार न्हाई."