वन्संचं बोटभर इंडियम

वैदेही, इकडे ये, अशी जवळ बस आणि आधी माझं ऐकून घे. वन्सं गेल्या तेव्हा तुझा फोन आला, रडलीस, सगळं बरोबर. पण फोन ठेवता ठेवता "काकू, आता आपला गुरुवार बंदच ना?" म्हणालीस, ते काही मला रुचलं नाही हो. कॉलेजात होतीस तेव्हा आमच्या पडवीत चटईवर बसून शिकलीस, त्या शिदोरीवर मुंबईत नोकरी मिळवलीस आणि एका वाक्यात कुलूप लावून मोकळी? खरं सांगते, तेव्हा मलाही तो बंदच वाटला होता. आज वाटत नाही, म्हणून तर लिहायला बसले.

जे वाचताहेत त्यांच्यासाठी सांगते. विमलवन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, इथल्याच कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेची नळकांडी सांभाळत जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी दुपारी आळीतल्या बायकांना गोळा करून शेअरबाजार शिकवायला लागल्या. नियम एकच. कंपनी काय बनवते, कशापासून बनवते, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तरच तिचा शेअर घ्यायचा. त्या सकाळी चहा घेतला, पेपर मागितला. मी फाटकातला पेपर घेऊन आले, तोवर खुर्चीत मान कलली होती... चष्मा डोळ्यांवर तसाच. पेपराची घडीसुद्धा मोडायची राहिली.

पण मला त्यांचं जाणं नाही, त्यांचं खुलणं सांगायचंय. निवृत्त होताना विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून त्यांना बोटभर धातूचा तुकडा दिला. इंडियम. लोक घड्याळ देतात, शाल देतात, पण ह्यांना ह्याचाच आनंद. चांदीसारखं पांढरं आणि इतकं मऊ की नखाने ओरखडा उठावा, कागदावर घासलं तर पेन्सिलीसारखी रेघ उठावी. वन्सं म्हणायच्या, तुमच्या फोनच्या काचेवर बोट फिरतं आणि फोनला ते कळतं, ती ह्याची करामत. इंडियम आणि कथील ह्यांचा, डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ लेप काचेवर असतो, त्यातून वीजही जाते आणि उजेडही. हे सांगताना सत्तरी उलटलेल्या त्या बाईचा चेहरा दहावीत पहिल्या आलेल्या मुलीसारखा व्हायचा.

आणि तो तुकडा मी घालवला! गणपतीच्या आधी राजापूरकडचा कल्हईवाला आला होता. त्याच्या कथलात शिशाची भेसळ असेल, अशी मला शंका. वन्संच्या खडीसाखरेच्या रिकाम्या डबीत पांढरा तुकडा सापडला, मला वाटलं कथीलच. मी सातवी शिकलेली, पण आईची शिकवण पक्की की अस्सल कथील कानाशी धरून वाकवलं की रडतं. वाकवलं, तर कर्र वाजलं. झालं, मी खुशाल त्याच्या हातात दिलं. पातेलं काय चकाकलं म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी अळूच्या फदफद्यासाठी त्यात तेल तापवलं, तर मोहरी तडतडायच्या आधी तळाशी चांदीचे थेंब पळायला लागले. मी भुताटकी म्हणून ओरडले. वन्सं धावत आल्या, गॅस बंद केला, तेल टाकून दिलं, ह्या पातेल्यात पुन्हा काही शिजवायचं नाही म्हणून बजावलं... आणि मग डबी उघडून बघितली. मी माफी मागायला तोंड उघडलं. त्या मात्र भिंग आणायला पळाल्या.

"मंगल, अगं कथलासारखं हेही रडतं, पण कथलाच्या कितीतरी आधी वितळतं. इतकी वर्षं मी हे तोंडाने सांगत होते, तू करून दाखवलंस. गुरुवारी हे तूच सांगायचं."

मी कसली सांगते! त्या गुरुवारी चहा करायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात दडून बसले आणि पुढेही तशीच दडत राहिले. त्या दर वेळी हाक मारायच्या, मी दर वेळी आधण ठेवायची. त्या गेल्यावर मला काय खुपत असेल, तर ते हेच.

तेरावं झालं आणि गुरुवार आला. मी कुणाला बोलावलं नव्हतं. तरी बायका आल्या, चटईवर बसल्या. मी सवयीने आत वळले, तेवढ्यात मिरकरवाड्याची रुक्मिणी, मासळी विकून रिकामी टोपली घेऊन आलेली, म्हणाली की इंडियमचा भाव चढलाय असं तिचा जावई म्हणतो, तर ती फोनच्या काचा करणारी कंपनी घ्यायची काय? सगळ्यांनी वन्संच्या खुर्चीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

आणि गो, माझ्या तोंडून निघालं. म्हटलं, रुक्मिणी, बर्फ महागला की तुझं काय होतं? मार खाते, म्हणाली. मग ती कंपनी इंडियम विकत घेते, तिचंही तेच. बरं, भाव चढला म्हणून कोण भराभर जास्त काढेल, तर तेही नाही. ह्याची वेगळी खाण नसते, बहुतेक करून जस्त काढताना मागे राहतं त्यातून मिळतं. जस्त म्हणजे आंबा, हे म्हणजे कोय. कोयीला भाव आला म्हणून कोणी हापूसची जादा कलमं लावतं का? तेव्हा नुसता धातूचा भाव बघून उडी मारायची नाही, कंपनी बघायची. कोयीचं हे काही वन्संनी सांगितलेलं नव्हतं बरं का. ते माझं.

रुक्मिणी टोपलीवर थाप मारून म्हणाली, "इतकी वर्सं नुसता चाय पाजलास गो आमाला. ह्ये कुठं लपवून ठेवलं व्हतंस?"

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी चहा रुक्मिणीने केला.

तर वैदेही, गुरुवार चालू आहे. येत्या गुरुवारी गॅलियम! कॉलेजातल्या मॅडम कणभर देणार आहेत. तळहातावर ठेवलं की हाताच्या उबेनेच त्याचं पाणी होतं म्हणतात. रत्नागिरीच्या उकाड्यात ते डबीत तरी कसलं टिकतंय, म्हणून फ्रिजमध्ये कोलंबीशेजारी जागा करून ठेवलीय. रजा काढ आणि ये बाई लवकर. वीज गेली तर ते तुझ्यासाठी थांबायचं नाही.