तीन टिकल्यांचं मत

आमच्या ऑफिसात फायली बंद होतात, किस्से होत नाहीत. डब्लिनमध्ये मानवी हक्कांवर लक्ष ठेवणारी एक राष्ट्रीय संस्था आहे, तिथे मी डेटाचं काम करते. "वा, किती छान काम!" असं ओंगारमधल्या, म्हणजे आमच्या उपनगरातल्या, मैत्रिणी म्हणतात. मग मी हे किस्से सांगायला लागते आणि त्या चहा ठेवायला उठतात.

*

चौकशीचे विषय ठरवण्याआधी आम्ही लोकांकडून फॉर्म भरून घेतो. मी मोठ्या उत्साहाने तो आमच्या मराठी ग्रुपमध्ये वाटला. सगळी इंजिनियर मंडळी! अर्धा तास फॉर्मच्या डिझाइनमधल्या चुका काढल्या आणि तक्रारीचा रकाना कोरा ठेवला. ग्रुपमधल्या समीरच्या बायकोवर बसस्टॉपवर पोरांनी अंडी फेकली होती. लिही की, म्हटलं त्याला.

"सिटिझनशिपचा अर्ज अजून सरकारकडे आहे गं. उगाच कशाला?"

*

मग भिंतीवर विषयांची यादी लागते. प्रत्येकाला तीन लाल स्टिकर मिळतात, अगदी टिकल्यांसारखे. जास्त टिकल्या पडतील ते तीन विषय घ्यायचे.

शेजारच्या टेबलावरच्या डेक्लनने तिन्ही टिकल्या 'नर्सिंग होम'वर लावल्या. त्याची आई ॲथलोनजवळच्या एका नर्सिंग होममध्ये असते. ती तिथे वाळत चाललीय, दिवसभर खोलीतच पडून असते, असा त्याला संशय. आमची बॉस मॉरा म्हणाली, हितसंबंध येतात, काढ. त्याने नखाने एकेक खरवडून काढली.

"आई तिथे आहे म्हणून मला कळतं," तो म्हणाला, "आणि आई तिथे आहे म्हणूनच मला मत नाही."

विषय निवडला गेला. माझ्या तिन्ही टिकल्या त्यावरच होत्या, पण ते मी त्याला कधी सांगितलं नाही.

*

आसरा मागायला आलेल्या लोकांची वसतिगृहं हा विषय चौथा आला. तिथल्या एका बाईंनी आम्हाला लिहिलं होतं. त्यांना पाठवायचं पत्र मीच टाइप केलं : आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, पण यंदा प्राधान्याचा नाही. बाईंचा फोन आला. एका खोलीत तीन मुलांना घेऊन राहतात, आवाज मात्र शांत.

"चौथ्यावरून तिसऱ्यावर यायला आम्ही अजून किती वाईट राहायला हवं?"

माझ्या एक्सेलमध्ये याला रकाना नव्हता.

*

नर्सिंग होमच्या भेटीला मॉरा आणि मी गेलो. डेक्लनला अर्थातच बंदी. येणार असल्याचं रीतसर पत्र दोन आठवडे आधी गेलं होतं. दाराला टेकले तर कोटाची बाही पांढरी झाली! रंग ओलाच होता.

"चला," मॉरा म्हणाली, "चौकशीचा पहिला परिणाम दिसला."

*

डेक्लनची आई, नोरीन, बागेत बाकावर बसल्या होत्या. नुकती इस्त्री केलेला कार्डिगन, केस विंचरलेले. मी दहा प्रश्न विचारले. दहांनाही एकच उत्तर, "ग्रँड." म्हणजे आपलं 'चाललंय'.

मी उठले तेव्हा त्यांनी माझी तीच बाही धरली.

"पुढच्या आठवड्यातही ये, लव्ह. तुम्ही येणार असलात की आम्हाला बागेत आणतात."

मुलाखतीतलं बाहेर सांगायचं नाही, असा नियम आहे. डेक्लनला तर नाहीच नाही. दुसऱ्या दिवशी तो कोट न काढताच माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. बाकी काही सांगू नकोस म्हणाला, फक्त ती कुठे होती तेवढं सांग. मला राहवेना.

"बागेत होत्या," मी म्हटलं.

तो खुर्ची ओढून बसला. किती तरी दिवसांनी त्याला हसताना पाहिलं.

"बागेत! म्हणजे मी उगाच संशय घेत होतो त्यांच्यावर."