माझ्या ओट्यावरचे प्रयोग

शाळेतले किस्से खिचडीच्या खरपुडीसारखे असतात. वरून दिसत नाहीत, पण एकदा खरवडायला बसलं की निघतच राहतात. बडनेऱ्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी मुलांची खिचडी शिजवते.

चौथीचे वानखडे सर विज्ञानाचे प्रयोग माझ्याच ओट्यावर करतात, कारण लिंबू, मीठ, पेले सगळं माझ्याकडचं. मागच्या तपासणीत केंद्रप्रमुख साहेबांनी शेरेबुकात लिहिलं होतं, "प्रयोग फक्त पुस्तकात." सरांना ते फार लागलं. पुढच्या भेटीत चांगला शेरा मिळवायचाच, असं त्यांनी ठरवलं आणि महिनाभर तयारी चालली.

पहिला प्रयोग मेणबत्तीचा. सरांनी पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा ठेवला. ती विझली.

"का विझली?" सरांनी विचारलं.

"तुमीच तं गिलास ठेवला सर!"

सरांनी हवेबद्दल सगळं नीट समजावलं. शेवटी मागून आवाज आला, "पण गिलास तुमीच ठेवला."

नंतर संत्र्याचा. सालीसकट संत्रं पाण्यात तरंगतं, सोललेलं बुडतं. सालीसकट टाकलं, ते तरंगलं. टाळ्या झाल्या! सर म्हणाले, "आता दुसरं सोला." सोललं. सर बादली सरळ करेपर्यंत ओट्यावर नुसती सालं उरली होती.

"संत्रं कुठे आहे?"

साक्षीचे आजोबा शेंदूरजनाघाटचे संत्र्यांचे बागवाले. ती तोंड पुसत म्हणाली, "सर, सोलल्यावर कोनी पान्यात टाकते का?"

एक चूक माझीही आहे. सरांना बाटलीवर फुगा लावून तो आपोआप फुगवून दाखवायचा होता. लिंबाचा रस आणि खायचा सोडा त्यांनी मागितला. घाईत मी पिठीसाखरेचा डबा दिला. सगळे फुग्याकडे बघत बसले. फुगा काही हलेना. मग एकाने फुगा काढून बोट बुडवून चाखलं.

"सर, शरबत झालं!"

फुगा फुगला नाही, पण बाटली रिकामी झाली.

साहेब यायच्या आधीच्या पंधरवड्यात सरांनी सगळ्यात सोपा प्रयोग निवडला. तेलाचे दोन डबे, तळाला भोकं, दोन्हींत तूर पेरलेली. रोपं वर आल्यावर एका डब्यावर चिठ्ठी लावली, "पाणी द्यायचे". दुसऱ्यावर, "पाणी द्यायचे नाही". पाण्यावाचून रोप सुकतं, एवढंच दाखवायचं होतं.

साहेब आले. दोन्ही डबे समोर ठेवले. दुसऱ्या डब्यातली तूर पहिल्यापेक्षा चार बोटं उंच होती!

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "याला पाणी कोणी दिलं?"

साक्षी उभी राहिली. "म्या एकच गिलास देल्ला साहेब. सुकून राह्यलं होतं."

तिच्या शेजारची उठली. मग मागचे दोघे. मग पूर्ण रांग. बघता बघता सगळा वर्ग उभा. तांदूळ धुतलेलं पाणी रोज कुठे जात होतं, हे मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी दारातच थांबले.

साहेबांनी सरांकडे पाहिलं.

"रविवारी शाळा बंद असते, साहेब," वानखडे सर खाली बघत म्हणाले. "म्हणून मी येऊन गेलो."

साहेबांनी शेरेबुक मागवलं. दोन्ही डबे पुन्हा एकदा पाहिले. मग लिहिलं,

"प्रयोग अयशस्वी. रोप उत्तम."