सारसाच्या डोक्यावरची तार

धानाच्या बांधीत एकटा उभा असलेला सारस मी टिपला. फोटो लॅपटॉपवर घेतला आणि सवयीनं हात आधी त्याच्या डोक्यावरच्या विजेच्या तारेकडे गेला. दोन मिनिटांत तार पुसली. आभाळ कसं लख्ख झालं!

ज्यांच्या शेतात हे पक्षी दरवर्षी घरटं करतात, त्या शांताबाईंना मी हौसेनं फोटो दाखवला. त्यांनी सारसाच्या डोक्यावरच्या आभाळावर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "तार कुठी गेली, भाऊ? त्याच तारेले धडकून याची मादी मेली ना!"

मी ओशाळलो. सारस जोडीनं राहतो. हा एकटा का, हे विचारायचंही मला सुचलं नव्हतं.

नशीब, मूळ फाइल शाबूत होती. आता फोटोवाले मित्र म्हणतात, "तार काढ, फ्रेम बिघडते." बिघडू दे! आपण खांब पुसतो, प्लास्टिक पुसतो, आणि मग लोकांना जंगल सुखरूप वाटतं यात नवल काय?

प्रदर्शनात हाच फोटो लावणार, तारेसकट. ज्याच्या डोळ्यांत ती खुपेल, त्यानं आधी शेतावरची तार काढावी. फोटोतली मी त्याच दिवशी काढीन.