बाबांच्या खिशातली गळती

बाबा अमेरिकेत, फ्रीमाँटला आमच्याकडे आले ते नातीला सांभाळायला. २००८ चा उन्हाळा होता. माझी रजा संपली होती आणि सात महिन्यांच्या मुलीला डे-केअरमध्ये टाकायला माझं मन घेत नव्हतं. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. शेवटी शेवटी तिला श्वास पुरत नसे. तिने जन्मात सिगारेटला हात लावला नव्हता. बाबा मात्र चाळीस वर्षं तिच्याच शेजारी, त्याच खोलीत बसून ओढत आले होते. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं डॉक्टर ठामपणे म्हणाले नव्हते. मी तो मनात केव्हाच जोडून टाकला होता, फक्त बोलून दाखवला नव्हता.

तिकीट काढण्याआधी मी फोनवर एकच अट घातली होती. बाळ असलेल्या घरात सिगारेट चालणार नाही. बाबा "बरं" म्हणाले. ते इतक्या पटकन "बरं" म्हणाले की मलाच कसंतरी झालं, आणि मी इंटरनेटवरून बॅटरीवर चालणारी सिगारेट मागवून ठेवली. तेव्हा ती नवी नवीच मिळायला लागली होती. दिसायला जाड पेनासारखी. एका टोकाला बॅटरी, मध्ये तापणारी तार आणि तोंडाकडे एक छोटी नळी, तिच्यात कापसासारखं काहीतरी भरलेलं. त्या कापसावर निकोटीनचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. ओढलं की त्याची वाफ होते.

बाबांचे हात थोडे थरथरत, म्हणून नळी भरायचं काम मी माझ्याकडे घेतलं. रोज सकाळी क्युपर्टिनोला ऑफिसला निघण्याआधी मी ड्रॉपरने ती नळी अगदी काठोकाठ भरून त्यांच्या हातात द्यायची. आमच्याकडे अर्धवट भरलेलं काही कुणाच्या हातात देत नाहीत. आई पाहुण्याला चहा द्यायची तो बशीत सांडेपर्यंत. कमी दिला तर लोक काय म्हणतील, हा तिचा धाक. तिचा हात माझ्यात आलाय असं बाबाच एकदा म्हणाले होते.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या शर्टाच्या खिशावर पिवळट डाग दिसायला लागले. पेन गळत होतं.

आता, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांच्या माथी मारायच्या, हेच माझं पोट भरायचं साधन. मी लगेच फ्रिजवर कागद लावला. पेन खिशात उभं ठेवायचं, तोंडाची बाजू वर. जोड घट्ट पिळून बघायचा. रोज तार कोरड्या टिश्यूने पुसायची. तीन नळ्या बदलून पाहिल्या, पेन पांढऱ्या टिश्यूवर आडवं ठेवून कुठून ओलं होतंय ते तपासलं. बाबा बाजूला उभे राहून बघत असत. एकदा म्हणाले, "मी बघू का जरा?"

"बाबा, प्लीज. मी टेस्ट करतेय ना. तुम्ही फक्त लिहिलंय तसं करा."

खरं तर बाबांनी तीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात काढली होती. गळती शोधणं हेच त्यांचं काम. लोखंडी सळईचं एक टोक पाइपवर आणि दुसरं कानाला लावून ते रस्त्याखालचं पाणी ऐकायचे. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी त्यांना फ्रिजवरचा कागद वाचायला लावला.

पुढच्या बुधवारी मी ऑफिसातून लवकर आले. मुलगी बाबांच्या छातीवर डोकं टेकून झोपली होती आणि तिचा गाल त्यांच्या खिशावर होता. खिसा ओला होता. मी तिला उचललं तर ओठांनाही द्रावणाचा तो गोडसर, उग्र वास. ती जागी झाली आणि ओकली. तिला धूत धूतच मी विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, साबणाने नीट धुवा, दोन-तीन तास लक्ष ठेवा, पुन्हा ओकली किंवा मलूल वाटली तर ताबडतोब हॉस्पिटलमध्ये न्या. ती पुन्हा ओकली नाही. तासाभराने हसायलाही लागली.

बाबा तोवर ओला शर्ट काढून गंजीफ्रॉकवर दारात उभे होते. म्हणाले, "ठीक आहे ना ती?"

आणि मी म्हणाले, "आई गेली तेवढं पुरलं नाही का तुम्हाला?"

नवरा दुसऱ्या खोलीतून बाहेर आला. बाबा आत गेले, धुतलेला शर्ट घालून आले आणि सोफ्याच्या कडेला, परक्याच्या घरी बसावं तसे, हात मांडीवर ठेवून बसले.

त्या रात्री मी डे-केअरचे नंबर काढून ठेवले. लावले मात्र नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी नळी भरून दिली, खरं सांगायचं तर नेहमीपेक्षा जास्तच, कारण तोंडाने माफी मागणं मला जमत नव्हतं. बाबांनी ती घेतली. मग मोरीवर हात धुवावेत तसे सिंकपाशी कोपरापर्यंत हात धुतले आणि पाळण्याशी येऊन विचारलं, "घेऊ का हिला?"

मी "हो" म्हणाले.

त्या दिवसापासून गळती थांबली. खिसा कोरडा, टिश्यू कोरडा. मी खूश. फ्रिजवरच्या कागदावर मोठी बरोबरची खूण केली आणि नवऱ्याला म्हटलं, "बघ, प्रोसेस पाळली की होतं."

महिन्याभराने एका सकाळी गाडीची किल्ली विसरले म्हणून परत आले. बाबा सिंकपाशी उभे होते. त्यांनी पेनाची नळी काढली होती आणि ती टिश्यूवर उलटी धरून हलके हलके टिपत होते. मी दहा मिनिटांपूर्वी भरलेलं जवळजवळ अर्धं द्रावण त्या टिश्यूत गेलं. मग त्यांनी टिश्यू घडी करून पिशवीत बांधला, कचऱ्यात टाकला आणि सिंक पुसून काढलं. थरथरत्या हातांनी, पण सगळं जमत होतं त्यांना.

"बाबा, हे रोज करता?"

ते दचकले. "टाकी जास्त भरली की गळते गं. पाइप उकरण्याआधी पाणी कुठवर आहे ते बघायचं असतं."

"मग सांगितलं का नाही मला? पहिल्याच दिवशी कळलं असेल तुम्हाला."

"तू एवढं मन लावून भरतेस." थोडा वेळ ते सिंक पुसतच राहिले. मग म्हणाले, "तुझी आई माझा ॲशट्रे रोज धुवून ठेवायची. ती पण कधी बोलली नाही. बोलली असती तर मी बाहेर जाऊन ओढली असती. खरंच गेलो असतो."

मला तेव्हा त्यांना जवळ घ्यायला हवं होतं. अगदी ओठांवर आलं होतं, की मी तसं बोलायला नको होतं. पण आमच्या घरात कुणी कुणाला सांगत नाही, जो तो मुकाट्याने निस्तरतो. मी किल्ली घेतली आणि गाडीत बसून रडले.

दुसऱ्या दिवसापासून मी नळी अर्धीच भरायला लागले. बाबांनी ती उजेडात धरून पाहिली आणि मान हलवली. मग हात धुतले, पाळण्याशी आले. "घेऊ का हिला?"

"विचारता काय बाबा? नात आहे तुमची."

ते हसले, पण विचारणं काही सुटलं नाही. कोरड्या खिशाने, धुतलेल्या हातांनी, रोज.

बाबांच्या व्हिसाचे सहा महिने संपले. एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या रांगेपाशी मी मुलगी त्यांच्यासमोर धरली. ती दोन्ही हात पसरून त्यांच्याकडे झेपावली. बाबांनी आधी आपले हात पँटला पुसले, उलटसुलट करून पाहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "घेऊ का?"