गणपतीपुढचं बटण

चिकलठाण्याच्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. माझी पिकअप सकाळी लई वेळ घरघर करायची, मगच चालू व्हायची. बॅटरी चार्ज केली की दोन दिवस बरं, पुन्हा तेच. गाडी बंद ठेवून तो एकेक वायर सोडवत गेला आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीपाशी थांबला. तिथली दिव्यांची माळ रात्रभर जळायची.

"हीच बॅटरी खाती."

"काढू नका. आईनं लावलेली आहे. आई आता नाही."

तो उठला, साबणानं हात धुऊन आला आणि मगच माळेला हात लावला. तिला त्यानं एक छोटं बटण जोडलं.

"काढत नाय, भाऊ. पण देवालाबी रात्री झोपू द्या की."

आई रोज रात्री देव्हाऱ्यावर पडदा ओढायची. आता गाडी लावली की मी ते बटण दाबतो.