आम्रपाली राहते कुठे?

दोन हजार सहा-सातची गोष्ट. आम्रपाली खराडीच्या एका आयटी पार्कच्या गेटवर सिक्युरिटीत होती. आत जाणाऱ्या बायकांच्या पर्सा तपासायच्या, साहेब आला की सलाम ठोकायचा. आत बसणारे कुठून कुठून आलेले. त्यांना कुणी विचारत नव्हतं, बाबा, तू कुठला? हिला मात्र पुणे शहर पोलिसांत भरती व्हायचं होतं, आणि तिथे पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा दाखला लागतो. लागू दे. पोलिसाला इथले बोळ ठाऊक हवेत, हे मी वस्तीचा कार्यकर्ता म्हणून सभेतही बोलतो. पण जी बिबवेवाडीच्या आमच्या वस्तीत शेंबडी असल्यापासून वाढली, तिलाच म्हणतात सिद्ध कर!

अडचण अशी, की तिचा जन्म बीदरकडच्या औरादचा. तिची आई सत्यशीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, आणि माहेर पडलं कर्नाटकात. शाळेच्या दाखल्यावर तेच गाव.

तहसील कचेरीतला कारकून म्हणाला, "मग तिकडेच व्हा की पोलीस."

मी टेबलावर हात आपटला. "तुमची बायको बाळंतपणाला कुठं गेली होती?"

"सासवडला. ते महाराष्ट्रात आहे. आवाज खाली."

आम्रपालीनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. "दादा, अर्जाची मुदत संपत आलीय. भांडण नंतर करा."

शेवटी ठरलं, तलाठी वस्तीत येऊन चौकशी करेल. तो आला तेव्हा ही ड्युटीवर, आई कामावर. बगलेत बॅग मारून अनोळखी माणूस दारात नाव विचारतो, तेव्हा आमच्याकडे तो एक तर फायनान्सवाला, नाहीतर साध्या वेशातला पोलीस. शेजारच्या द्वारकाबाईनं ओटा धुता धुता सांगून टाकलं, "अशी कुणी राहत नाही इथं." समोरच्यांनीही माना हलवल्या. पोरीला वाचवलं म्हणून सगळे खूश! तलाठी 'राहत नाही' असं लिहून चालता झाला.

संध्याकाळी मी बोळात उभा राहून सगळ्यांची बिनपाण्यानं केली. द्वारकाबाई उलटी डाफरली, "त्याच्या कपाळावर लिहिलं होतं का, तलाठी म्हणून?"  आम्रपाली उंबऱ्यात बसून बुटाची नाडी बांधत राहिली, सोडत राहिली.

दुसऱ्या दिवशी तलाठ्याला मी माझ्या गाडीवर घालूनच आणला. आता द्वारकाबाईला भरपाई करायची होती.

"अहो साहेब, जन्मली इथंच! ह्याच खोलीत! नाळ मी कापली!"

अख्खा बोळ हो म्हणाला.

तलाठ्यानं माझ्याकडे बघितलं. "काल राहतच नव्हती. आज जन्मलीसुद्धा."

खोट्यानं काम होत असेल तर होऊ दे, असं मला वाटलं, आजही वाटतं. पण आम्रपाली पुढे झाली.

"मावशी, पुरे. साहेब, जन्म औरादचा. राहणं इथलं, अंगावर पीत होते तेव्हापासून. काल यांनी मला लपवली, आज सजवतायत. माझी शाळा त्या कोपऱ्यावर आहे. पहिलीच्या बाई अजून शिकवतात. चला, त्यांना विचारा."

आणि ती चालायलाच लागली. तलाठी धापा टाकत मागे.

मुदतीच्या शेवटच्या दुपारी दाखला हातात पडला, तिनं तसंच धावत जाऊन अर्ज भरला. द्वारकाबाई तिच्याशी बोलणं सोडून बसली. "चारचौघांत मला खोटं पाडलं. वर्दी चढल्यावर आपल्याला ओळख तरी देईल का ही?" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. मी तिच्यावर खेकसायचो खरा, पण आम्रपाली बोळातून गेली की मीही बघायचो, ती वळून बघते का.